कौमुदीचा क

एका राज्यात तोंड उघडे ठेवून बोलायला बंदी होती. राजापासून रंगाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या नाकाखाली कापड. श्रीमंतांचे रेशमी, गरिबांचे मांजरपाटाचे. त्याला मुखपट म्हणत. लोक जेवत ते भिंतीकडे तोंड करून, आणि आई बाळाला अंगाई म्हणे तीही पटाआडून. का, असे कोणी विचारत नसे. विचारलेच तर म्हातारी माणसे सांगत, "बोलतं तोंड जो पाहील त्याचे दात गळतील." दात सगळ्यांनाच हवे असतात. त्यामुळे शंभर वर्षे कोणी कोणाचे तोंड पाहिले नाही.

त्या राज्याच्या वेशीत एक काळा दगड होता. मूल पाच वर्षांचे झाले की चैत्री पौर्णिमेच्या सकाळी त्याला दगडासमोर उभे करीत. मुलाने आपले नाव सांगायचे. नाव नीट आले तर दगड गप्प राही आणि मूल राज्याचे होई. एक अक्षर जरी हलले तरी दगड टणकन वाजे. मग वैशाखाची पौर्णिमा, मग ज्येष्ठाची. तिसऱ्यांदाही दगड वाजला की ते मूल नदीपलीकडे गुह्यनाथाच्या दरीत जाई. गुह्यनाथ मांत्रिक होता. तो मुलाचा आवाज काढून रांजणात भरी, आणि मूल मुक्याने त्याच्या मेंढ्या राखी.

त्या राज्यात चंद्रावळ नावाची ओतारीण होती. ती घंटा ओती. देवळाच्या, हत्तीच्या, गाईच्या गळ्यातल्या. नवऱ्याचे नाव हैबती. पण त्याला कोणी कधी घाबरले नाही. त्यांना एकच मुलगी, कौमुदी. पाच वर्षांची. तिला सगळे कळे. साचा केव्हा फुटणार हे बापाच्या आधी तिला कळे. ती दिवसभर बोले, पण तिचा कावळा तावळा होता, गाय दाय होती, आणि ती स्वतः तौमुदी होती.

"कौमुदी म्हण," चंद्रावळ म्हणे.

"तौमुदी."

"तौमुदी नाही गं!"

"तौमुदी नाहीच!" मुलगी चिडे. "तौमुदी! तेच तर म्हणते. तूच वेदळं म्हणतेस."

तिच्या कानाला फरक कळत होता. तोंडातून तो निघत नव्हता. हे आईला कळे, आणि आईशिवाय कोणाला कळत नसे.

चैत्रात दगड वाजला. गर्दीने तोंडावरच्या पटावर आणखी हात ठेवले. चंद्रावळीने मात्र कान टवकारला. "ह्या दगडाच्या आवाजात चीर आहे," ती म्हणाली. "आत कुठेतरी तडा गेलाय."

"बाई, पोरीचं बघा," वेसकर म्हणाला. "दगडाचं काय बघता?"

मग सगळे गाव पोरीचे बघू लागले. सासू म्हणाली, पोटुशी असताना तू उसाचा रस प्यायलीस, तो भोवला. शेजारीण म्हणाली, दिवसभर भट्टीशी असतेस, मुलीशी बोलतेस कधी? कोणी वेखंड उगाळून जिभेला लावायला दिले, कोणी अक्कलकाढा. चंद्रावळीने सगळे लावले. मनातून तिला वाटे, उसाचाच रस असेल. नाहीतर भट्टी. नाहीतर ओल्या केसांनी फिरले तो दिवस. पोरीची जीभ वेखंडाने झोंबली, डोळ्यांतून पाणी आले, आणि ती म्हणाली, "आई, पुरे ना. तडू लादतं." कडू लागते, एवढेही तिला नीट म्हणता येईना.

वैशाखात दगड पुन्हा वाजला. दुसऱ्या दिवशी दरबारचा वैद्य आला. बोटाएवढे पाते काढून म्हणाला, "जिभेखालची दोरी कापावी लागेल."

"जीभ अडते कुठं ते पाहिलंत का तुम्ही?"

"पाहायचं कसं? तोंड उघडून? भलतंच काय!"

"न पाहता कापणार?"

"शंभर वर्षं असंच कापतोय, बाई."

चंद्रावळीने वैद्याला त्याच्या पात्यासकट अंगणाबाहेर काढले. दार लावले. मग तिला एवढा राग आला की भट्टीशेजारी उभी असूनही भट्टी गार वाटली. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, नीट म्हण, मोठ्याने म्हण, असे ती मुलीला दोन महिने सांगत होती. गावही सांगत होते. पण नीट म्हणजे जीभ ठेवायची कुठे, हे कोणीच सांगत नव्हते. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. तिलाही नव्हते. रोज हजार वेळा ती क म्हणत होती, आणि तो तोंडात कुठे होतो हे तिला सांगता येत नव्हते. मुलीवर ओरडलेले सगळे शब्द तिला परत आठवले.

"होईल हळूहळू," हैबती म्हणाला.

"हळूहळू म्हणजे सत्तावीस दिवस आहेत," चंद्रावळ म्हणाली.

त्याच दिवशी राजाच्या हत्तीची घंटा पोचवायची होती. दरबारात राजा रुद्रसेन पडद्याआड बसे. तो स्वतः कधी बोलत नसे. त्याच्या शेजारी सोन्याच्या पिंजऱ्यात एक मैना होती. राजा तिच्या कानाशी कुजबुजे आणि मैना हुकूम सांगे. सुस्पष्ट, खणखणीत. "काय वाणी!" दरबारी माना डोलवत. "एक अक्षर हलत नाही."

दरबार उठला, माणसे पांगली, आणि चंद्रावळ पिंजऱ्यासमोर उभी राहिली. "पाखराला सोन्याचा पिंजरा," ती म्हणाली, "आणि माझ्या पोरीला दरी!"

"बाई, माझ्यावर कशाला रागावतेस?" मैना म्हणाली. "मला ओठ नाहीत. दात नाहीत. माझ्या छातीत, श्वासाची वाट फुटते तिथं, एक बाजा आहे. माणसाचा सूर ऐकते आणि तिथं वाजवते. क कुठं ठेवतात हे मला विचारू नकोस. मी तो कधी ठेवलाच नाही."

"मग कोणाला विचारू?"

"गुह्यनाथाच्या गुहेत जिव्हादर्पण आहे. त्यात तोंडाच्या आतलं दिसतं. तीन दारं आहेत. दाराचं उत्तर चुकलं तर माणूस उंबरठ्यावर दगड होतो."

चंद्रावळीने पिंजऱ्याची कडी सोडली. कडी तिच्याच हातची होती. "चल."

"पौर्णिमेपर्यंत राजा बोलायचा नाही, तोवर मी मोकळी," मैना म्हणाली. "पण पडद्यामागचं मला विचारू नकोस. ते तूच विचार, योग्य दिवशी."

सात दिवसांची वाट त्या दोघी चालल्या. म्हणजे एक चालली आणि एक तिच्या खांद्यावर बसली. दरीत शेकडो मुले मेंढ्या राखत होती. काही मुले आता म्हातारी झाली होती. चंद्रावळीने एकाला विचारले, "बाळा, गुहा कुठं?" त्याचे केस पिकलेले होते. त्याने बोट दाखवले. तिने दात आवळले आणि पुढे गेली.

पहिल्या दारावर पितळेचे मुंडके होते. ते म्हणाले, "प आणि ब. दोघांना ओठ मिटतात, दोघांना ओठ उघडतात. मग भेद कुठला?"

चंद्रावळीने पटाआड पुटपुटून पाहिले. प. ब. ओठ तेच, जागा तीच. तेव्हा तिला हाताची सवय आठवली. घंटा खरी वाजते की नुसती ठोकली जाते हे ओतारीण कानाने ठरवत नाही, बोटाने ठरवते. तिने बोटे गळ्यावर ठेवली. "प्‌" केले, गळा निवांत. "ब्‌" केले, बोटाखाली थरथर झाली.

"एकाच्या वेळी गळ्यातली घंटा हलते," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या वेळी ती झोपलेली असते."

दार उघडले.

दुसऱ्या दारावर तांब्याचे मुंडके होते. "ट आणि ठ. जीभ एकाच जागी टेकते, घंटा दोघांचीही झोपलेली. मग भेद कुठला?"

"मुंडक्या, तू मला किती छळणार आहेस?" चंद्रावळ म्हणाली.

"एकच प्रश्न," मुंडके म्हणाले.

तिने ट म्हटले, ठ म्हटले. बोटांना काही कळेना. एवढ्यात मैनेचे एक पीस गळून तिच्या तळहातावर पडले. तिने हात ओठांपाशी नेला. ट म्हणताना पीस जागचे हलले नाही. ठ म्हणताना मुखपट फुगला आणि पीस उडून मुंडक्याच्या नाकावर बसले.

"एकाबरोबर वारा सुटतो," ती म्हणाली, "दुसऱ्याबरोबर नाही."

मुंडके शिंकले आणि दार उघडले.

तिसऱ्या दारावर लोखंडाचे मुंडके. "ब आणि म. ओठ तेच, घंटा तीच. वारा दोघांनाही नाही. भेद कुठला?"

यावर चंद्रावळ हसली. सात दिवसांत पहिल्यांदा. गेल्या थंडीत कौमुदीला सर्दी झाली होती. नाक चोंदलेले, आणि ती 'मामा' म्हणून रडत होती; पण ऐकू येत होते 'बाबा'. हैबती हरखून सगळ्या आळीला सांगत फिरला, पोरगी दिवसभर मलाच हाका मारते. सर्दी उतरली आणि हाकाही थांबल्या. बिचारा.

"म नाकातून जातो," ती म्हणाली. "नाक बंद केलं की त्याचा ब होतो."

"हे तुला कोणत्या गुरूनं सांगितलं?"

"शेंबडानं," चंद्रावळ म्हणाली, आणि दार उघडले.

आत जिव्हादर्पण होता. परातीएवढा, काळ्या पाण्यासारखा. त्यावर कोरले होते, पट काढ. तिचा हात थांबला. दात गळतील. गळले तर गळले; पण मुलीने बोळकी आई पाहिली तर? तरी तिने पट ओढून काढला आणि तोंड उघडले.

एकही दात गळला नाही.

ती "त" म्हणाली. आरशात तिची जीभ टोकाशी उचलली आणि वरच्या दातांमागे टेकली. ती "क" म्हणाली. जिभेचे टोक खालच्या दातांमागे निजून राहिले, आणि मागची जीभ, पडजिभेपाशी, मांजरीने पाठ वर करावी तशी उठली, मऊ टाळूला लागली, सुटली. क.

तिने पुन्हा केले. त, पुढे. क, मागे. पुढे. मागे.

"एवढंच?" चंद्रावळ म्हणाली. तिचा आवाज गुहेत घुमला. "एवढंच होतं? चार बोटं मागं? ह्याच्यासाठी शंभर वर्षं पोरं दरीत? ह्याच्यासाठी पाती, वेखंड, रडारड? एवढंसं कोणी दाखवलं नाही?"

"दाखवायचं नसतं," एक आवाज आला.

तो पाच वर्षांच्या मुलाचा आवाज होता. बोलणारा मात्र उंच, पांढरा, वाळक्या शेंगेसारखा माणूस होता. गुह्यनाथाला स्वतःचा आवाज नव्हता. तो रांजणांतून बोले. दुसऱ्या वाक्याला त्याने मुलीचा आवाज घेतला. "शंभर वर्षांपूर्वी एक राजा माझ्याकडं आला. त्याला एक अक्षर येत नव्हतं. प्रधान हसला होता. राजा म्हणाला, माझी चूक कोणाला दिसू नये. मी म्हणालो, सगळ्यांचीच तोंडं झाक. तोंडं दिसली नाहीत की चूक ऐकणाऱ्यांच्याच पोरांत निघेल, तुझी झाकली जाईल. आणि निघालेली पोरं मला दे."

"आणि तो काय म्हणाला?"

"दिली," गुह्यनाथ म्हणाला. हे तो एका तोतऱ्या मुलाच्या आवाजात म्हणाला. "राजाचा हुकूम आहे तोवर आवाज माझे. आरसा नेऊ पाहशील तर तुझाही."

"ठेव तुझा आरसा," चंद्रावळ म्हणाली. "तोंड माझं मला आहे."

ती मागे न बघता निघाली. पट तिने गुहेतच टाकला होता. वाटेत पदराचा केला. घरी पोचली तेव्हा तेरा दिवस उरले होते.

दार लावून तिने मुलीसमोर तोंड उघडले. कौमुदीने बापाकडे पाहिले, आईचे दात मोजले, पुन्हा मोजले. मग तिने दोन्ही हातांनी आईची हनुवटी धरली आणि आत डोकावली, विहिरीत डोकवावे तशी.

"मादची जीभ उठते," ती म्हणाली.

"मागची जीभ उठते. आता तुझी उठव."

उठेना. टोकच उठे. चंद्रावळीने चमच्याच्या दांडीने टोक हलकेच दाबून धरले. मुलीने चमचा चावला. चंद्रावळ ओरडायला गेली, आणि थांबली. तिसऱ्या दिवशी तिने मान वर करून गुळण्या करायला शिकवले. मान मागे गेली की जीभ आपोआप मागे सरकते, पाण्याला अडवायला. कौमुदीने आधी पाणी गिळले. मग बापावर फवारले. मग सहाव्या दिवशी घशात गुळगुळ झाली. दहाव्या दिवशी पाणी संपले तरी ती मान मागे करून तशीच राहिली आणि म्हणाली:

"क्‌."

हैबतीच्या हातातला साचा पडला.

"क्‌," कौमुदी म्हणाली. "क्‌. क्‌. क्‌."

"आता कौमुदी म्हण."

"तौमुदी."

आई भिंतीला टेकली. सुटा क आला होता. नावात तो घसरत होता. तीन दिवस उरले होते, मग दोन, मग एक.

ज्येष्ठी पौर्णिमेच्या सकाळी वेशीत गर्दी झाली. राजाची पालखी आली, पडद्यासकट. मैना आपली आपण पिंजऱ्यात परतली होती. गुह्यनाथ नदी ओलांडून हजर होता, बगलेत एक नवा रिकामा रांजण घेऊन.

कौमुदीला दगडासमोर उभे केले. तिला इतक्या पटांवरचे डोळे दिसले की तिचे ओठच हलेनात. ती आईकडे वळली. आईचेही तोंड झाकलेले.

तेव्हा चंद्रावळीने सगळ्यांसमोर पदर खाली ओढला. मग मुलीचा पट सोडला.

किंचाळ्या उठल्या. बायकांनी डोळे झाकले. वेसकराने आपल्या गालांवर हात ठेवून दात जागेवर आहेत का ते चाचपले. पालखीत कुजबुज झाली. सगळे मैनेकडे पाहू लागले.

मैना म्हणाली, "महाराज, हा हुकूम मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

असे कधी घडले नव्हते. चंद्रावळ पालखीपाशी गेली.

"महाराज," ती म्हणाली, "माझी पाच वर्षांची पोर तीन वेळा ह्या दगडासमोर उभी राहिली. आपण कधी राहिलात?"

"बाई, तोंड सांभाळा!" वेसकर म्हणाला.

"सांभाळलं म्हणून तर ही पाळी आली! महाराज, नाव सांगा. एकदाच."

पडदा हलला. आतून चाळिशीचा, थकलेल्या डोळ्यांचा एक माणूस उतरला. त्याने रेशमी पट काढला. दगडासमोर तो उभा राहिला, आणि त्याने नाव सांगितले.

"लुद्लसेन."

टण्‌!

दगड वाजला. राजासाठी वाजला. राजाच्या मानेवर घाम आला होता. "माझ्या पलीक्षेच्या वेळी," तो हळू म्हणाला, "पडद्यातून मैनेनं सांगितलं. तिच्या आधीच्या मैनेनं." र सगळा ल होत होता, पण अर्थ सगळ्यांना लागला.

आणि चंद्रावळीला, जिने या माणसाला दोन महिने मनात शिव्या दिल्या होत्या, त्याची कीव आली नाही. नंतर आली असेल. त्या वेळी तिला एवढेच वाटले की इतकी वर्षे तुला ठाऊक होते आणि तू पोरांना जाऊ दिलेस.

कौमुदी मात्र राजाकडे वर पाहत होती. "मला पण एत येत नाही," ती म्हणाली. "तोंड उधड. आई दाथवते."

राजा गुडघ्यांवर बसला. चंद्रावळीने आधी मुलीसमोर तोंड उघडले. मागची जीभ उठवली. कौमुदीने पाहिले, मान थोडी मागे नेली, आणि म्हणाली:

"क्‌."

थांबली. श्वास घेतला.

"औमुदी."

लोक दगडाकडे पाहू लागले. दगड गप्प होता.

"दोन तुकड्यांत चालणार नाही!" गुह्यनाथ कोणत्या तरी लहान मुलाच्या आवाजात ओरडला.

"नाव तिचं आहे," चंद्रावळ म्हणाली. "ती किती तुकड्यांत सांगेल ते ती बघेल. महाराज, हुकूम."

राजा उठला. मैनेकडे त्याने पाहिलेही नाही. "मुखपट बंद," तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला. "आजपासून कोणी तोंड झाकायचं नाही. कोणाचं मूल दलीत जायचं नाही."

हुकूम मोडला तसा गुह्यनाथाचा हक्क मोडला. त्याने तोंड उघडले, पण त्यातून काही आले नाही. नदीपलीकडे रांजण एकामागून एक फुटल्याचे आवाज आले. मग मेंढ्या पांगल्या, आणि दरीतली मुले, लहान आणि पिकल्या केसांची, पाण्यात उतरली. कमरेएवढ्या पाण्यातून येता येता त्यांनी जे पहिले तोंडात आले ते ओरडून सांगितले. ज्याचे त्याने आपापले नाव.

"लाघव!" "थदाशिव!" "दंदा!" "तेशव!"

टण्‌! दगड वाजला. टण्‌! टण्‌! प्रत्येक नावाला वाजला. शंभर वर्षांची नावे एका सकाळी आली, आणि एकही नीट नव्हते. मुले थांबेनात, दगडही थांबेना. चंद्रावळ कान देऊन ऐकत होती. ओतारीण होती ती. आवाज पातळ होत गेला, मग घोगरा, मग करकरला.

"आता जाईल," ती हैबतीला म्हणाली.

आणि राजा, ज्याला हे ऐकू गेले, पुढे झाला आणि पुन्हा एकदा, अगदी मोठ्याने म्हणाला, "लुद्लसेन!"

दगड उभा दुभंगला. त्यानंतर तो कोणाच्याच नावाला वाजला नाही.

गुह्यनाथ मेंढ्यांच्या मागे गेला. कोणीतरी त्या राखायला हव्या होत्या. वैद्याने पाते विकून आरसा घेतला. वेशीत दगडाच्या जागी आता एक ओटा आहे. तिथे सकाळी चंद्रावळ बसते, आणि समोर मुले बसतात, आणि एक राजा. ती तोंड उघडून दाखवते. कधी कधी कोणी आई मुलाला म्हणते, "अरे, नीट म्हण ना!" तेव्हा चंद्रावळ तिच्याकडे अशी पाहते की ती बाई पुन्हा तसे म्हणत नाही.

श्रावणात एका दुपारी अंगणात कावळा आला. कौमुदी पायरीवर भाकरी खात होती. तिने मान मागे नेली नाही, थांबली नाही, आईकडे पाहिलेही नाही.

"आई," ती तोंडात घास असताना म्हणाली, "कावळा आला बघ."

चंद्रावळ भट्टीपाशी होती. तिने मागे वळून पाहिले नाही. "येऊ दे," ती म्हणाली, आणि हातातला साचा काही केल्या तिला सरळ धरता येईना.

तेव्हापासून त्या राज्यात सगळे तोंड उघडून बोलतात. चुकतात, आणि सगळ्यांचे दात शाबूत आहेत.